टर्बो गाडीत प्रीमियम पेट्रोल टाकायचं का? साधं, ९५, ९७ आणि १०० सगळं भरून बघितलं, त्याचा रिव्ह्यू (सातारा-सांगली)

ज्यांना फक्त उत्तर पाहिजे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. भारतात बनलेली, कंपनीनं दिली तशीच असलेली टर्बो पेट्रोल गाडी असेल तर आता प्रीमियमची (म्हणजे जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलची) गरज नाही, साधं टाका आणि पंप नीट निवडा. गाडी रिमॅप केलेली असेल (म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली असेल) किंवा टाकीच्या झाकणाच्या आत ऑक्टेन ९८ लिहिलेलं असेल तर मात्र गरज आहे आणि तिथं पैसे वाचवायला जाऊ नका. आता हे असं का ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडं या विषयावर ऐकीव माहिती लय फिरते आणि लोक दर टाकीला तीनशे-चारशे रुपये जास्त घालवतात.

माझी गाडी दीड लिटर टर्बो पेट्रोल सेडान, १५० पीएस, २५० एनएम, डायरेक्ट इंजेक्शन, डीएसजी ऑटोमॅटिक गिअर. सातारा-कराड-सांगली हे कामासाठी कायमचं, पुणे अधूनमधून, आणि सुट्टी मिळाली की यवतेश्वरावरनं कास नाहीतर वाईवरनं पसरणी घाट. म्हणजे हायवे, घाट, गावातली गर्दी आणि पेठ नाक्यावरनं सांगलीकडं जाताना लागणारा तो सगळा ट्रॅफिक, सगळं या गाडीनं बघितलंय. पंपावर उभं राहिलं की पोरगं विचारतंच, "दादा प्रीमियम टाकू न्हवं? टर्बो हाय तुमची." मग मागची गाडी हॉर्न मारत असते, आपण पण घाईत असतो, आणि "टाक" म्हणून मोकळं होतो. मला हे नीट कळून घ्यायचं होतं म्हणून साधं, ९५ वालं, भारत पेट्रोलियमचं स्पीड ९७ आणि इंडियन ऑइलचं एक्सपी १०० असं सगळं आळीपाळीनं भरलं, ओबीडीचा डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं छोटं यंत्र) लावून मोबाईलवर इग्निशन टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते ते, बघत गेलो आणि ॲव्हरेज टाकी टू टाकी काढलं, स्क्रीनवरचं धरलं नाही.

पहिली गोष्ट ऑक्टेनची. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त असं नव्वद टक्के लोक समजतात, आणि तसं अजिबात नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा संयम म्हणा. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते, प्लगची ठिणगी पडते, तिथनं आग पसरत जाते, आणि त्या आगीच्या पुढं जे मिश्रण अजून जळायचं बाकी असतं ते दाबानं आणि उष्णतेनं इतकं तापतं की कधीकधी आग पोचायच्या आधीच स्वतःहून पेटतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात, जुन्या गाड्यांना घाटात चौथ्या गिअरमध्ये ओढलं की जी टकटक ऐकू यायची ती हीच. ऑक्टेन जेवढं जास्त तेवढं पेट्रोल हा दाब सहन करतं. बस एवढंच काम आहे त्याचं.

टर्बो गाडीत हवा आधीच दाबून आत येते म्हणून नॉकिंगचा धोका जास्त, हे खरंच आहे, आणि "टर्बोला प्रीमियम पाहिजे" ही समजूत तिथनंच आली. पण आताच्या प्रत्येक टर्बो गाडीत इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, तो ती कंपनं ऐकतो, आणि जरा जरी नॉकिंग सुरू झालं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्यानं इंजिन सुरक्षित राहतं पण पिकअप थोडा कमी होतो आणि पेट्रोल थोडं जास्त जातं. म्हणजे जास्त ऑक्टेनचा फायदा कधी? जेव्हा तुमचा ईसीयू साध्या पेट्रोलवर टायमिंग मागं घेत असेल तेव्हाच. तो मागं घेतच नसेल तर वरचं ऑक्टेन नुसतं जळून सायलेन्सरमधनं निघून जातं, त्याचा गाडीला काडीचा उपयोग नाही.

आता खरी बातमी, जी बऱ्याच जणांच्या लक्षात आलेली नाही. आपल्याकडं कधीकाळी साधं पेट्रोल ८८ ऑक्टेनचं होतं, मग ९१ झालं आणि बीएस-६ मध्येही ९१ च राहिलं. तेव्हा ९१ आणि ९५ यात निवड होती आणि टर्बोवाल्यानं ९५ टाकलं तर त्याला अर्थ होता, मी स्वतः तेव्हा कुणी विचारलं तर ९५ टाक म्हणूनच सांगायचो. पण आता साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या वर. त्यामुळं ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा, जो भारतीय मानक आहे त्यात किमान ऑक्टेन ९५ धरलेलं आहे, आणि पेट्रोलियम मंत्रालयानं पण २०२५ मध्ये हेच सांगितलं की २० टक्के मिश्रणानं साधं पेट्रोल ९५ च्या घरात जातं. मग पंपावर ९५ म्हणून जे प्रीमियम विकतात त्याचा ऑक्टेनचा फायदा राहिला किती? जवळजवळ शून्य. उरलं ते फक्त ॲडिटिव्ह, म्हणजे साफ करणारं रसायन.

आणि हे इथेनॉल कुठनं येतं हे सातारा-सांगलीच्या माणसाला सांगायची गरज नाही. रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती, हा सगळा कारखान्यांचाच पट्टा, आणि हायवेनं जाताना इथेनॉलचे टँकर आपण रोज बघतोच. मळीपासनं होतं, उसाच्या रसापासनं होतं, आता मका आणि तुकडा तांदळापासनं पण मोठ्या प्रमाणात होतं. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं रसापासनं इथेनॉल करण्यावर बंधनं आणली तेव्हा आपल्या भागात केवढी चर्चा झाली होती ते आठवत असेल. सांगायचा मुद्दा, ज्या गोष्टीनं साध्या पेट्रोलचं ऑक्टेन वाढलं ती आपल्याच शिवारातली आहे, आणि आपलीच माणसं त्याच ऑक्टेनसाठी वर लिटरला सात-आठ रुपये जास्त देतायत, याचं मला मनापासनं वाईट वाटतं.

इथेनॉलची दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळं ॲव्हरेज पडतं, हे लोकांच्या मनाचे खेळ नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या रोडमॅपमध्येच लिहिलंय की बिगर-इथेनॉल पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला सेट केलेल्या चारचाकीत ई-२० नं ६ ते ७ टक्के फटका बसतो, आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला सेट केलेल्या गाडीत १ ते २ टक्के. आता इथंच लोक घसरतात. ॲव्हरेज पडलं म्हणून प्रीमियम ९५ सुरू करतात. पण त्या ९५ वाल्यात पण इथेनॉल असतंच की. मग पडलेलं ॲव्हरेज परत कसं येणार? माझ्या गाडीत तरी आलं नाही, साधं आणि ९५ यातला फरक हा एसी किती चालवला आणि हायवेला नव्वदनं गेलो का एकशे दहानं गेलो याच्या फरकात बुडून गेला.

घाटाचं सांगतो कारण तिथंच खरी परीक्षा होते. मी बघितलं तेव्हा पुण्याहून येताना खंबाटकी चढायचा होता (साताऱ्याहून जाताना बोगदा त्यामुळं तिकडनं काही कळत नव्हतं), एप्रिल-मे मधली दुपार, गाडीत चार माणसं, डिकी भरलेली, एसी फुल, आणि पुढं ट्रक असल्यामुळं सारखं हळू होऊन परत जोरात उचलावं लागतं. यापेक्षा वाईट परिस्थिती इंजिनाला आपल्या भागात मिळणार नाही. तिथं साध्या पेट्रोलवर टायमिंग अधूनमधून मागं जाताना दिसलं. ९५ वर पण तसंच, फरक सांगता येणार नाही इतका. स्पीड ९७ वर जरा कमी वेळा मागं गेलं, हे मात्र दिसलं, आणि एक्सपी १०० वर त्याहून कमी. पण हे सगळं मोबाईलच्या स्क्रीनवर. पायाला, सीटला, ओव्हरटेक करताना काही जाणवलं का, तर ९५ ला अजिबात नाही, ९७ ला पण नाही, १०० ला जरा कडक उन्हात गाडी मोकळी वाटली असं मी म्हणेन पण त्यावर मी पैज लावणार नाही. आणि सकाळी सहाला गार हवेत निघालं की चारही पेट्रोल सारखीच, कारण आत येणारी हवाच थंड असते, नॉकिंग होतंच कुठं.

पसरणी चढून पाचगणी-महाबळेश्वरला गेल्यावर अजून एक गोष्ट. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासनं साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथं हवा विरळ. बिनटर्बोच्या गाडीत विरळ हवेमुळं सिलिंडरमधला दाबच कमी होतो म्हणून तिला वर ऑक्टेनची गरज उलट कमी होते. टर्बो गाडी ती कमतरता भरून काढते म्हणून तिला हा हिशोब तसाच लागू नाही. तरी पण वरच्या थंड हवेनं टर्बोला पण मदतच होते.

घाटात प्रीमियमपेक्षा दहापट फरक कशानं पडत असेल तर गिअरनं. डीएसजी किंवा कुठलीही ऑटोमॅटिक डी मध्ये ठेवली की ॲव्हरेजसाठी ती लवकर लवकर वरचा गिअर टाकते, मग चढावर पंधराशेच्या आसपास आरपीएमला आपण पाय दाबतो आणि टर्बो पूर्ण जोर लावतो. डायरेक्ट इंजेक्शन टर्बोसाठी ही सगळ्यात वाईट सवय आहे. इथं साधं नॉकिंगच होतं असं नाही, एक वेगळा प्रकार होऊ शकतो, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, बहुतेक वेळा सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा बारीक थेंब त्याला कारण असतो, आणि ते जोरात झालं तर पिस्टन फुटतो. त्याला ऑक्टेन फारसं वाचवत नाही. योग्य ग्रेडचं ऑइल वेळेवर बदलणं आणि घाटात एस मोड नाहीतर पॅडलनं खालचा गिअर ठेवणं, हे वाचवतं. मॅन्युअलवाल्यांनी पण तिसऱ्यात ओढत बसू नये, दुसरा टाकावा. याला एक रुपया लागत नाही.

पैशाचा हिशोब करूया. मी भरलं तेव्हा साधं शंभराच्या थोडं वर होतं, ९५ वालं सात-आठ रुपये जास्त. म्हणजे ते परवडायला ॲव्हरेज निदान ७ टक्के वाढलं पाहिजे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१७ मध्ये टेस्ट केली होती, ती पण साध्या गाड्यांवर नाही, ज्या गाड्यांना कंपनीच प्रीमियम "टाकलेलं बरं" असं सांगते पण सक्ती करत नाही अशा गाड्यांवर. त्यात सरासरी २.७ टक्के ॲव्हरेज आणि १.४ टक्के ताकद वाढली. एवढीच. आणि त्याच संस्थेनं आदल्या वर्षी सांगितलं होतं की ज्यांच्या गाडीला गरजच नाही असे अमेरिकन लोक वर्षाला २.१ अब्ज डॉलर प्रीमियमवर वाया घालवतात. म्हणजे हा प्रश्न आपलाच नाही, तिकडं पण हेच चाललंय.

अमेरिकेवरनं आठवलं, तिकडचे व्हिडिओ बघून आपली पोरं जाम गोंधळतात. तिकडच्या पंपावर ८७ लिहिलेलं असतं ते आपल्याकडच्या ९१ च्या बरोबरीचं, आणि तिकडचं ९३ म्हणजे आपलं साधारण ९८. मोजायची पद्धत वेगळी आहे, ते दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, आपण आणि युरोपवाले एकाच चाचणीचा आकडा लिहितो जो जास्त येतो. तिकडचा कोणी म्हणाला की माझी गाडी ९१ मागते, तर ते आपल्या हिशोबानं ९५-९६ झालं. तो व्हिडिओ बघून "बघ ९१ वर चालते" म्हणू नका, आणि उलटं पण घाबरू नका.

आता ॲडिटिव्ह. प्रीमियमच्या जाहिरातीत इंजिन साफ राहतं असं असतं, आणि त्यात तथ्य आहे, डिटर्जंट इंजेक्टरच्या तोंडावरचा कचरा कमी करतं. पण डायरेक्ट इंजेक्शन गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हवरनं वाहतच नाही, त्यामुळं त्या व्हॉल्व्हवर जो काळा कार्बन बसतो तो कुठल्याही पेट्रोलनं धुतला जात नाही. जुन्या पद्धतीच्या पोर्ट इंजेक्शन गाडीत तो फायदा मिळतो. गंमत बघा, जी साधी गाडी आहे तिला डिटर्जंटचा फायदा जास्त आणि जिला आपण परफॉर्मन्स म्हणून प्रीमियम पाजतो तिला अर्धाच. माझं मत, वाटलं तर सर्व्हिसच्या आधी एखादी टाकी प्रीमियम टाकावी, दर वेळी नको.

एक्सपी १०० बद्दल वेगळं लिहायला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या दहा शहरांत आलं, त्यात पुणं होतं, आणि तेव्हा दिल्लीत भाव होता १६० रुपये लिटर. मी पुण्याला गेलो की तिकडनंच भरलं. पेट्रोल म्हणून ते खरंच वरच्या दर्जाचं आहे, यात शंका नाही, आणि त्याची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यात इथेनॉल नाही. पण माझ्यासारख्या गाडीत लिटरमागं दीडपट पैसे देऊन जे मिळतं ते ओबीडीवर दिसतं आणि रस्त्यावर जवळजवळ दिसत नाही, त्यामुळं मी ते परत भरणार नाही. ज्यांच्याकडं पोर्शे ९११ सारखी गाडी आहे, जिला कंपनीच ९८ सांगते, किंवा युरोपातनं पूर्ण बनून आलेली एखादी हॉट हॅच (जोरदार इंजिनाची छोटी गाडी) आहे, त्यांच्यासाठी ते अगदी योग्य आहे. पूर्ण टाकी १०० ची परवडत नसेल तर अर्धी साधी अर्धी १०० केली तरी ऑक्टेन साधारण मधे येतं, पण ९८ मागणाऱ्या गाडीला ते जरा कमीच पडतं.

आणि आरएक्स १०० वाले. सांगली-मिरजेत आणि आपल्या साताऱ्यात या गाडीचा नाद अजून तसाच आहे, आणि बरेच जण हौसेनं त्यात एक्सपी १०० टाकतात. ऑक्टेनसाठी टाकत असाल तर काही उपयोग नाही, त्या टू-स्ट्रोकचं कॉम्प्रेशन इतकं कमी आहे की तिला ८८ पण पुरायचं. पण जुने रबराचे पाइप, कार्ब्युरेटरमधले सील, आतनं गंजणारी पत्र्याची टाकी, यांना इथेनॉल सोसत नाही, आणि गाडी आठवड्यात एकदाच बाहेर निघते, तर बिनइथेनॉल पेट्रोल म्हणून १०० टाकणं मला पटतं. दहा लिटरची टाकी, खर्च पण फार नाही. हौसेची गाडी आहे, जपली पाहिजे.

रिमॅपवाल्यांचं. सांगलीतल्या माझ्या एका मित्राची छोटी टर्बो हॅचबॅक स्टेज वन (पहिल्या पातळीचं रिमॅप) केलेली आहे. ट्यूनर फाइल टाकतानाच विचारतो, ९५ वर चालवणार का ९७ वर? जी फाइल घेतली तेच पेट्रोल टाकायचं, यात तडजोड नाही. कंपनीनं जी सुरक्षिततेची जागा ठेवलेली असते तीच तर रिमॅपमध्ये वापरलेली असते, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवलेला, टायमिंग पुढं घेतलेलं, आणि पूर्ण बूस्टवर जोरात नॉकिंग झालं तर नॉक सेन्सर सावरायच्या आत पिस्टनची रिंगेजवळची कड तुटू शकते. मित्र ९७ वर चालवतो आणि जिथं ९७ मिळणार नाही तिकडं लांब जायचं असेल तर कंपनीची मूळ फाइल परत टाकून जातो, म्हणजे कोकणात कुंभार्लीवरनं उतरायचं असेल तर हमखास. मला हे शहाणपणाचं वाटतं. रिमॅपला पन्नास हजार घालवायचे आणि पेट्रोलला आठ रुपये वाचवायचे हे करू नका रे.

शेवटी पंप, कारण माझ्या अनुभवात ब्रँड आणि ऑक्टेनपेक्षा याचाच फरक जास्त. ज्या पंपावर खप जास्त तिथलं पेट्रोल ताजं. आडबाजूच्या पंपावर प्रीमियमची टाकी आठवडेच्या आठवडे पडून असते कारण घेणारंच कोणी नाही, आणि मग तुम्ही जास्त पैसे देऊन शिळं पेट्रोल घेता. मशीनवर डेन्सिटी लिहिलेली असते, बीएस-६ पेट्रोलची ७२० ते ७७५ मध्ये असायला पाहिजे, ती बघा. शंका आली तर फिल्टर पेपर मागा, थेंब टाकला की उडून जाऊन डाग राहायला नको, आणि माप कमी वाटलं तर शासनाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप पंपावर ठेवावंच लागतं, ते मागून मोजून घ्या. हे ग्राहकाचे हक्क आहेत, कोणी तोंड वाकडं केलं तरी मागायचे. साताऱ्यात आणि कराडात हायवेच्या कडेचे जे मोठे पंप आहेत, जिथं रात्रंदिवस गाड्या असतात, मी तिथंच भरतो.

पावसाळ्यात हे अजून महत्त्वाचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासनं वेगळं होऊन खाली बसतं, आणि मग गाडी धक्के मारत बंद पडते. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यात राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवा, रिकामी जागा कमी म्हणजे आत दमट हवा कमी. भरायला साधं चालतं, ताजं पाहिजे.